गोटी खाली उतरली नसेल तर

करडीत किंवा भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात बाळाला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या आजीच्या हाताला हे आधी कळू शकतं: पिशवीत एका बाजूला गोटी लागत नाही. या गोट्या म्हणजे वृषण; ते पोटात तयार होतात आणि जन्माआधी खाली उतरतात. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी साधारण तिघांत एखादा वृषण वरच राहतो. कमी दिवसांच्या बाळांत हे प्रमाण बरंच जास्त.

सहा महिने वाट पाहावी. पुढे तो आपोआप उतरण्याची आशा फारशी नसते. पोटातली ऊब बीजनिर्मितीला मारक ठरते, मोठेपणी कर्करोगाचा धोकाही वाढतो. म्हणून सहा ते अठरा महिन्यांत शस्त्रक्रिया करून घ्यावी. मालिशीने काही होत नाही. थंडीत वर जाणारी, कोमट पाण्यात खाली येणारी गोटी मात्र बहुधा निरोगी असते. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. लाज न धरता त्यांना विचारा.

बोकड, कुत्रा, घोडा यांच्यातही हा दोष दिसतो, आणि तो पुष्कळदा आनुवंशिक असतो. एकच गोटी उतरलेला बोकडही शेळ्या गाभण ठेवू शकतो, तरी त्याला पैदाशीला ठेवू नये. खच्चीकरणात आतली गोटीही काढावी लागते. हत्तीचे वृषण मात्र जन्मभर पोटातच असतात, आणि ते निसर्गतःच तसे.