पॅम्प्लेट बंद करू का? आधी पी-व्हॅल्यू नीट वाचा

रिग्रेशनच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "सर, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर आली की तो कॉलम उडवायचा ना?" थांबा. मीही हेच करणार होतो.

माझ्या फरसाणाच्या दुकानाचा २४ आठवड्यांचा हिशोब मी एक्सेलमध्ये टाकला. एका बाजूला आठवड्याची विक्री (सूट वजा करायच्या आधीची), दुसऱ्या बाजूला तीन कॉलम: पॅम्प्लेट वाटले का, ५ टक्के सूट होती का, सणाचा आठवडा होता का. डेटा अ‍ॅनालिसिसमध्ये जाऊन रिग्रेशन चालवलं. सणाची पी-व्हॅल्यू जवळजवळ शून्य. हे तर आईनेही सांगितलं असतं! पण पॅम्प्लेटची ०.३१ आणि सुटीची, म्हणजे डिस्काउंटची, ०.२४. म्हटलं, दोन्ही बंद.

इथेच घोळ होता. पी-व्हॅल्यू सांगते ते एवढंच: बाकीचे कॉलम तसेच ठेवून, या गोष्टीचा परिणाम खरोखर शून्य असता, तर एवढा मोठा आकडा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता किती. "बाकीचे तसेच ठेवून" हे शब्द महत्त्वाचे. मी पॅम्प्लेट वाटायचो तेव्हाच सूट द्यायचो, दोन-चार आठवडे सोडले तर कायम. मग कोणामुळे गिऱ्हाईक आलं, हे बिचाऱ्या एक्सेलला कळणार कसं? याला मल्टिकोलिनिअॅरिटी म्हणतात.

अशा वेळी दोघांची परीक्षा एकत्र घ्यायची. दोन्ही कॉलम काढून मॉडेल पुन्हा चालवा. रेसिड्युअलचा एसएस किती वाढला ते बघा, त्याला २ ने भागा, मग पूर्ण मॉडेलच्या रेसिड्युअल एमएसने भागा. माझं उत्तर ७ च्या पुढे आलं. २ आणि २० डिग्रीज ऑफ फ्रीडमला ५ टक्क्यांची हद्द साधारण ३.४९ आहे. म्हणजे दोघांपैकी कोणीतरी काम करत होतं!

पुढचे १६ आठवडे मुद्दाम वेगळे केले. कधी फक्त पॅम्प्लेट, कधी फक्त सूट, कधी काहीच नाही. ४० आठवड्यांच्या डेटावर सुटीचा कोएफिशियंट आला ३,२०० रुपये, स्टँडर्ड एरर १,३००. भागाकार केला की टी-स्टॅट २.४६, पी-व्हॅल्यू ०.०२ च्या आसपास. पॅम्प्लेट मात्र ०.६ वरच राहिलं.

(टी-टेस्ट धंद्यातूनच आलीय बरं का. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने ती १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडली. पुस्तकी म्हणून नाक मुरडू नका.)

मग सूट चालू ठेवली? नाही! ३,२०० च्या जादा विक्रीवर २० टक्के मार्जिन म्हणजे ६४० रुपये. आणि आठवड्याच्या साधारण ९०,००० च्या विक्रीवर ५ टक्के सूट म्हणजे खिशातून ४,५०० गेले. परिणाम खरा होता, पण धंदा तोट्याचा. पी-व्हॅल्यू नफा मोजत नाही, तो हिशोब आपणच करायचा.

आता सरसकट सूट बंद आहे. फक्त ५०० च्या वरच्या बिलावर देतोय, आणि शीटमध्ये तिचा वेगळा कॉलम सुरू केलाय. अजून सहाच आठवडे झालेत, त्यामुळे रिग्रेशनला हात लावलेला नाही.