एक ते वीस

अमेरिकेतलं पिट्सबर्ग शहर ज्या ॲलेघेनी काउंटीत आहे, तिथे मुलाची आबाळ होत असल्याचा फोन बालकल्याण खात्याकडे आला की फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याला संगणकावर १ ते २० मधला एक आकडा दिसतो. २०१६ पासूनची ही पद्धत. आकडा मोठा, तर धोका जास्त. घरी चौकशीला माणूस पाठवायचा की नाही, हे कर्मचारी ठरवतो. आकडा त्याच्या मदतीला.

आता ‘धोका’ म्हणजे काय? छळ होईल की नाही, हे संगणक सांगत नाही. पुढच्या दोन वर्षांत हे मूल घरातून काढून दुसरीकडे ठेवलं जाण्याची शक्यता किती, एवढंच तो वर्तवतो. म्हणजे खातं पुढे काय करील, याचा अंदाज खात्याच्याच जुन्या नोंदींवरून!

या नोंदी येतात कुठून? आधीच्या तक्रारी, तुरुंग, सरकारी खर्चाने घेतलेले मानसोपचार, व्यसनमुक्तीचे उपचार. पैसेवाली आई खाजगी डॉक्टरकडे जाते, तिची नोंद काउंटीकडे नसतेच. गरीब आईने मदत मागितली की तीच मदत तिच्या खात्यावर चढते. लेखिका व्हर्जिनिया युबँक्स यांनी २०१८ च्या पुस्तकात नेमकं यावरच बोट ठेवलं. समर्थक म्हणतात, निव्वळ कर्मचाऱ्याच्या अंदाजातही पूर्वग्रह असतोच. खरं आहे ते. पण कर्मचाऱ्याशी निदान वाद घालता येतो. आकडा तर त्या आईला दाखवलाही जात नाही.

ओरेगन राज्याने अशीच पद्धत २०२२ मध्ये बंद केली.