‘पैसे टाकायलो’ म्हणजे पैसे आले का? मशीनला आपली मराठी किती कळते



नांदेडच्या बॅचमधला एक किस्सा सांगतो. खत-बियाण्यांचं दुकान चालवणारे एक दादा होते. पेरणीचा सीझन, दिवसाला शंभर-दीडशे मेसेज आणि उत्तर द्यायला माणूस एकटा. म्हणून त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपला आपोआप उत्तर देणारं एक टूल लावलं.

एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला, “पैसे टाकायलो दादा, पाच डीएपी पाठवून द्या.” टूलनं लगेच उत्तर दिलं, “पेमेंट मिळालं, धन्यवाद! तुमची ऑर्डर निघत आहे.” दुकानातल्या पोरानं ते वाचलं आणि बॅगा गाडीत टाकल्या. 1350 ची एक बॅग, म्हणजे 6750 रुपयांचा माल गेला. खात्यात रुपया आला नव्हता.

गिऱ्हाईक खोटं बोललं का? अजिबात नाही. ‘टाकायलो’ म्हणजे ‘टाकतोय’, हे तुम्हाला-मला कुणी शिकवावं लागत नाही. पण मशीननं ते ‘टाकले’ असं घेतलं. आणि खरी गोम पुढे आहे. ‘पेमेंट मिळालं’ हे आता दुकानाच्याच नंबरवरून लेखी गेलेलं होतं. गिऱ्हाईक सज्जन निघालं म्हणून पैसे आले. नसतं आलं तर दादांनी कुठल्या तोंडानं मागितले असते?

आज आपण हेच समजून घेऊ. टूल वापरू नका असं मी म्हणणार नाही. कुठं वापरायचं आणि कुठं हात आखडायचा, एवढंच बघू.

मशीन भाषा शिकतं कसं?

माणसाची भाषा कॉम्प्युटरला समजावी म्हणून जे संशोधन चालतं, त्याला नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग म्हणतात, थोडक्यात एनएलपी. त्यातली एक मुख्य युक्ती साधी आहे. वाक्यातला एक शब्द झाकायचा आणि मशीनला ओळखायला लावायचं. “आज सोयाबीनचा ___ वाढला.” तुम्ही म्हणाल ‘भाव’. मशीन लाखो वाक्यं अशी सोडवतं, तेव्हा कुठं त्याला शब्दांची संगत कळायला लागते.

म्हणजे मशीनची मराठी कशी असणार? जी वाक्यं त्याला वाचायला दिली, तशी. आपलं पोरगं ज्यांच्यात वाढतं त्यांच्यासारखं बोलतं ना, तसंच.

मराठीसाठी हे काम पुण्यातल्या ‘एल-थ्री-क्यूब’ या गटानं मोठ्या प्रमाणावर केलंय. त्यांच्या ‘महाकॉर्पस’मध्ये सुमारे 2 कोटी 48 लाख मराठी वाक्यं आहेत. ती इंटरनेटवरून गोळा केलेली आहेत आणि त्यात बातम्यांचा वाटा मोठा आहे. त्यावर ‘महाबर्ट’ नावाचं मॉडेल तयार झालं. मजकुराचा सूर चांगला, वाईट की मधला, हे ओळखायला शिकवण्यासाठी 2021 मध्ये त्यांनी सुमारे 16 हजार मराठी ट्वीट्सना माणसांकडून खुणा करून घेतल्या. काम मोलाचं आहे आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय.

पण ती ट्वीट्स होती महाराष्ट्रातल्या नावाजलेल्या व्यक्तींच्या खात्यांवरची. त्यात अर्धापूरच्या शेतकऱ्याचा, औशाच्या किराणावाल्याचा मेसेज कुठून येणार? ‘करायलो, यायलेत, टाकायलो’ हे बातमीत छापून येत नाही. अनोळखी शब्द आला की मशीन त्याचे तुकडे करतं आणि ओळखीच्या तुकड्यांवरून अंदाज बांधतं. दादांच्या टूलचं बहुतेक असंच झालं असणार.

तीन खड्डे, जिथं पैसा अडकतो

पहिला खड्डा क्रियापदाचा. “पोरगा पैसे घेऊन यायला” हे आपल्याकडे पूर्ण वाक्य आहे, पोरगा निघालाय. पुस्तकी मराठीला ते अर्धवट वाटतं. ‘यायला’ काय? यायला पाहिजे की यायला उशीर होईल?

दुसरा खड्डा आकड्यांचा. लातूरच्या आडतीत “साडेचारनं गेलं” म्हणजे क्विंटलला 4500. मशीन 4.5 धरू शकतं. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे आपल्या जिभेवर खेळतात, पण प्रत्येकामागे एक हिशेब दडलेला असतो.

तिसरा खड्डा तारखेचा. ‘परवा’ म्हणजे कोणता दिवस? “परवा माल पाठवला” म्हणजे होऊन गेलेला, “परवा माल पाठवा” म्हणजे येणारा. फरक एका अक्षराचा. गिऱ्हाईक रोमन अक्षरांत घाईघाईनं टाइप करतं, तेव्हा ते अक्षरही गळतं. शिवाय देगलूर-धर्माबादकडचा तेलुगू शब्द, उदगीरकडचा कन्नड, शहरातली दखनी, असं सगळं एकाच मेसेजमध्ये येतं.

संशोधक गावाकडे वळलेत

चित्र अगदीच निराश नाही. 2020 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तोही मराठीवरच. ग्रामीण भागातले कमी उत्पन्नाचे लोक, शहरातले कमी उत्पन्नाचे लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा 36 जणांकडून 109 तासांचं बोलणं रेकॉर्ड केलं गेलं. निष्कर्ष काय? कमी उत्पन्नाच्या लोकांचं काम विद्यार्थ्यांच्या तोडीचं निघालं. म्हणजे मशीनला शिकवायला पदवी लागत नाही.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं ‘रेस्पिन’ प्रकल्पात नऊ भाषांचं बोलणं गोळा केलं. त्यात मराठी आहे आणि विषय आहेत शेती आणि पैशाचे व्यवहार, म्हणजे थेट आपलेच. आपल्या मराठवाड्यातही संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात शेतीच्या मराठी शब्दांच्या उच्चारांचा संग्रह झालेला आहे. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ 2022 पासून सुरू आहे. तिच्या ‘भाषादान’ उपक्रमात कुणीही आपला आवाज देऊ शकतो.

पण हे सगळं तुमच्या दुकानातल्या टूलपर्यंत झिरपायला वेळ लागेल. तोवर गल्ला तर आपल्यालाच सांभाळायचाय. मग करायचं काय?

चार कामं, एका रविवारची

1. पन्नास मेसेज काढा. गेल्या महिन्यातले, खरे, जसेच्या तसे. नाव आणि नंबर मात्र पुसून टाका. गिऱ्हाइकाची माहिती ही त्याची अमानत आहे.

2. आधी तुम्ही पेपर सोडवा. प्रत्येक मेसेजपुढे लिहा: चौकशी, ऑर्डर, पेमेंट की तक्रार. मग तेच पन्नास टूलला द्या आणि किती जुळले ते मोजा. संशोधकही मॉडेलची परीक्षा अशीच घेतात. नुसती बेरीज करू नका, चूक कुठं झाली ते बघा. चौकशीच्या पाच चुका परवडतात, पेमेंटची एकही परवडत नाही.

3. आपल्या शब्दांची वही करा. ‘टाकायलो = टाकतोय, अजून आलेले नाहीत.’ ‘साडेचार = 4500 रुपये क्विंटल.’ ‘बॅग, पोतं, कट्टा म्हणजे किती किलो?’ अशा तीस-चाळीस ओळी होतील. एआयच्या टूलला कामाआधी सूचना देता येतात, तिथं ही वही चिकटवा आणि तेच पन्नास मेसेज पुन्हा तपासा. ही वही बाजारात विकत मिळत नाही. ती फक्त तुमच्याकडे आहे, कारण गिऱ्हाईक तुमचं आहे.

4. लक्ष्मणरेषा आखा. दुकानाची वेळ, पत्ता, माल आहे की नाही, याची उत्तरं मशीननं खुशाल द्यावीत. पण पैसा, माप आणि तारीख आली की आपोआप उत्तर एवढंच: “मेसेज मिळाला, तपासून कळवतो.” ‘मिळालं’ हा शब्द खात्यात बघूनच लिहायचा, तोही माणसानं.

त्या दादांनी पुढे हेच केलं. टूल काढलं नाही. पेमेंटचे मेसेज फक्त वेगळे काढून ठेवायला लावलं आणि खात्यात बघून ‘मिळालं’ लिहायचं काम वहिनींकडे दिलं. रात्री अकरापर्यंत चालणारी उत्तरं आता नऊला संपतात.

मंडळी, नवा मुनीम ठेवला तर पहिल्याच दिवशी त्याच्या हाती गल्ल्याची चावी देता का? आधी आपली बोली, आपलं माप, आपलं गिऱ्हाईक शिकवता. मशीनचंही तसंच आहे.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातले असे दहा शब्द लिहा, जे पुण्या-मुंबईच्या माणसाला उलगडून सांगावे लागतील. तिथूनच तुमची वही सुरू होते. पुढच्या व्हिडिओत ही वही टूलमध्ये कशी टाकायची ते स्क्रीनवर करून दाखवतो. तोवर ‘पेमेंट मिळालं’ लिहिण्याआधी खातं बघा!