विश्लेषण : जुन्या पद्मिनीचा कायापालट, रंगाआधी सस्पेन्शन का तपासायचे?

मुंबईतील शेवटची ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून हटली. टॅक्सीसाठी असलेली २० वर्षांची वयोमर्यादा तिने पूर्ण केली होती. मात्र खासगी पद्मिनी आजही अनेक सोसायट्यांच्या आवारात, कापडी कव्हरखाली उभ्या आहेत. ‘पद्मिनी’ नावाने आलेल्या पहिल्या गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली असून, त्या ‘व्हिंटेज’ नोंदणीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे आजोबांची किंवा वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याची इच्छा वाढते. पण बहुतेक जण सर्वात आधी गाठतात तो पेंटर. इथेच चूक होते.

फिएट ते पद्मिनी, प्रवास कसा?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. इटलीच्या फिएट कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या बनू लागल्या. १९६४ मध्ये ‘फिएट ११०० डिलाइट’ आली, १९७२ मध्ये तिचे नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाले आणि १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’. नावे बदलली, तरी १०८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि मूळ रचना तीच राहिली.

बॉडी आणि सस्पेन्शन वेगळे का करता येत नाही?

जीप किंवा ट्रकला खाली वेगळी चेसिस असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. फिएट ११०० ‘मोनोकॉक’ आहे, म्हणजे वाकवून जोडलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. पुढच्या चाकांकडून येणारा प्रत्येक धक्का शेवटी याच पत्र्यावर जातो. त्यामुळे मडगार्डच्या आतल्या बाजूचा, फ्लोअरचा किंवा दरवाजाखालच्या सिलचा गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न नसतो. सस्पेन्शन जिथे धरलेले असते तिथला पत्रा सडला, तर नवे पार्ट बसवूनही चाकांची रेषा टिकत नाही.

पुढच्या सस्पेन्शनमध्ये नेमके काय झिजते?

या गाडीच्या मागच्या बाजूला पाटे आहेत. पुढे मात्र प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आहे. वरचा आणि खालचा आर्म, कॉइल स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर आणि चाक ज्याभोवती वळते तो किंग पिन असे त्याचे मुख्य भाग. आजच्या गाड्यांत किंग पिनऐवजी बॉल जॉइंट असतात आणि ते बहुधा सीलबंद येतात. किंग पिनला मात्र ठरावीक दिवसांनी ग्रीस लागते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत हे ग्रीस सुकते, निपल बुजतात आणि पाणी शिरून पिन व बुश गंजतात.

तपासणी सोपी आहे. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचे. खडखड जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगायचे. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली, तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये. तरीही राहिली, तर संशय किंग पिनवर. नवे बुश नुसते ठोकून चालत नाहीत. रीमर फिरवून ते पिनच्या मापाला आणावे लागतात. ही पायरी गाळली तर स्टीअरिंग जड होते किंवा नवा पिनही लवकर ढिला होतो.

दाबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये मोठी ताकद साठलेली असते. योग्य कॉम्प्रेसरशिवाय ती सोडवणे जिवावर बेतू शकते. हे काम घरच्या घरी करण्याचे नव्हे.

लांबी की नवा पत्रा?

डेंटिंग-पेंटिंगच्या कामात खड्डा बुजवायला लांबी भरतात. पातळ थर असेल तर हरकत नाही. मात्र गंजाच्या भोकावर लांबी थापली, तर ती आतून ओलावा धरते आणि एक-दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात. तपासण्यासाठी साधे लोहचुंबक कापडात गुंडाळून बॉडीवर फिरवावे. जिथे ते धरत नाही, तिथे लांबीचा जाड थर असण्याची शक्यता असते. समुद्रकाठच्या खारट हवेत राहिलेल्या गाडीत दरवाजांच्या कडा, चाकांच्या कमानी आणि रबर मॅटखालचा फ्लोअर आधी पाहावा.

सडलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करणे हा खरा उपाय. सिल कापण्यापूर्वी गाडीला खालून नीट आधार द्यावा लागतो. नाहीतर बॉडी किंचित झुकते आणि नंतर दरवाजे बसत नाहीत.

कामाचा क्रम कोणता?

आधी फोटो आणि मोजमापे. मग इंजिन व सस्पेन्शन उतरवणे, पत्र्याचे काम, गंजरोधक प्राइमर, त्यानंतर सस्पेन्शनची जोडणी आणि व्हील अलाइनमेंट. शेवटचा रंग त्यानंतर. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच अंतिम घट्ट करतात. चाके लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेली गाडी मात्र अपात्र ठरू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षे वैध असते. पुढील पाच वर्षांच्या नूतनीकरणासाठी पाच हजार रुपये लागतात. नव्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो.

म्हणजेच सडलेला पत्रा मूळ आकारात बदलणे आणि गाडीचा आकारच बदलणे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवले, तर गाडी सोयीची होईल, पण व्हिंटेज दर्जा धोक्यात येईल. म्हणून कामाआधीचे आणि कामादरम्यानचे फोटो, सुट्या भागांची बिले व जुने आरसी बुक जपून ठेवणे हिताचे.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. व्हिंटेज नोंदणीनंतर ही गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. व्यावसायिक वापरालाही मनाई आहे. गाडी अधूनमधून चालवायची की रोज, हे आधी घरात ठरवावे आणि मगच गॅरेजचा रस्ता धरावा.