‘घरीच असते’ म्हणजे काय?

मंडळी, जनगणनेचा प्रगणक दारात येतो आणि विचारतो, “घरात काम कोण कोण करतं?” कर्ता सांगतो, “मी आणि थोरला. मंडळी घरीच असते.” आता ही ‘घरी असणारी’ बाई या घटकेला कुठे आहे? पहाटे म्हशीची धार काढून, भाकऱ्या थापून ती रानात खुरपणीला गेली आहे!

मग हा गृहस्थ खोटे बोलला का? मुळीच नाही. आपल्याकडे मजुरी हातात पडते ते ‘काम’; घरच्या रानात राबणे हा बाईचा धर्मच समजला जातो. शिवाय, बायकोला राबावे लागते हे परक्यापुढे सांगणे कित्येक घरांत कमीपणाचे वाटते. प्रश्न सरकारचा असला, तरी उत्तर गावच्या रीतीतून येते.

हे ध्यानात घेऊन 1991 च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नालाच पुस्ती जोडली : घरच्या शेतावर किंवा घरच्या धंद्यात केलेले बिनमजुरीचे कामही धरा. 2019 च्या वेळवापर पाहणीत तर आदल्या दिवशी पहाटे चारपासून पुढचे चोवीस तास कसे गेले, ते अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारले. ‘काम’ या शब्दाचा अडसर तिथे आपोआप दूर झाला.

वयाचेही असेच. जिथे जन्मतारीख लिहून ठेवण्याची चाल नव्हती, तिथे म्हातारी म्हणते, “असेल की साठ.” म्हणून शून्य आणि पाच यांवर संपणाऱ्या वयांची कागदावर गर्दी होते. त्यापेक्षा “बहात्तरच्या दुष्काळात तू केवढी होतीस, आजी?” असे विचारा. “थोरला पाळण्यात होता,” असे ती चटकन सांगेल. पंचांगापेक्षा दुष्काळ पक्का लक्षात राहतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, जनगणनेचे कागद बहुधा आपल्याच हाती येतात. तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. शक्य तिथे बाईचे उत्तर बाईलाच विचारावे, आणि “काम करता का?” एवढ्यावर न थांबता “काल उठल्यापासून काय काय केलंत?” असे विचारावे.

आणि आपण घरधन्यांनी? प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एकदा रानाकडे नजर टाकावी. जिचे कष्ट आकड्यांत उतरत नाहीत, तिची आठवण योजना आखणाऱ्याला कोठून व्हावी?