तीन तक्ते आणि एक झरोका

निकालाच्या दिवशी आसनक्रमांक टाइप केला की क्षणार्धात पडद्यावर नाव, शाळा, प्रत्येक विषयाचे गुण आणि बेरीज दिसते. ही सारी माहिती संगणकात अशीच एकत्र लिहून ठेवलेली असते काय? बहुधा नाही. ती निरनिराळ्या तक्त्यांत विभागलेली असते.

समजा, एका परीक्षेला ३ लाख विद्यार्थी बसले आणि प्रत्येकाचे विषय ६ आहेत. पहिल्या तक्त्यात आसनक्रमांक, नाव, घरचा पत्ता व शाळेचा क्रमांक. दुसऱ्यात शाळेचा क्रमांक, शाळेचे नाव व गाव. तिसऱ्यात आसनक्रमांक, विषय व गुण. म्हणजे तिसऱ्या तक्त्यात १८ लाख ओळी झाल्या. शाळेचे नाव प्रत्येक विद्यार्थ्यापुढे लिहिले असते, तर ते बदलल्यावर शेकडो ठिकाणी दुरुस्ती करावी लागली असती. एखादी राहून गेली, तर एकाच शाळेला दोन नावे! म्हणून एक गोष्ट एकाच ठिकाणी नोंदवायची. तक्त्यांच्या या पद्धतीचा गणिती पाया एडगर कॉड यांनी आयबीएम कंपनीत काम करीत असताना १९७० साली मांडला.

व्ह्यू म्हणजे काय?

आता गुणपत्रक हवे असेल, तर तिन्ही तक्ते क्रमांकांच्या आधारे जुळवून बेरीज करा, असा लांबलचक प्रश्न संगणकाला विचारावा लागतो. तो दर वेळी नव्याने लिहिताना चूक होण्याचा संभव असतो. म्हणून तो एकदाच नीट लिहून त्याला ‘गुणपत्रक’ असे नाव देतात. यालाच व्ह्यू म्हणतात. व्ह्यू हा जणू तक्त्यांकडे पाहण्याचा झरोका होय. त्यातून हवे तेवढेच दाखवता येते. घरचा पत्ता झाकलेला राहतो.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. साध्या व्ह्यूमध्ये माहिती साठवलेली नसते, फक्त प्रश्न साठवलेला असतो. झरोका उघडला की संगणक मूळ तक्त्यांकडे जाऊन उत्तर नव्याने काढतो. व्ह्यूमुळे आपले लिहिण्याचे श्रम वाचतात, संगणकाचे शोधण्याचे नव्हेत.

वेग कोठून येतो?

एका विद्यार्थ्याच्या ६ ओळी शोधण्यासाठी १८ लाख ओळी चाळणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. पुस्तकाच्या शेवटी जशी सूची असते, तशी आसनक्रमांकांची क्रमवार सूची केली तर काम सोपे होते. मधला क्रमांक पाहावा, आपला क्रमांक त्याच्या अलीकडे की पलीकडे हे ठरवावे आणि निम्मी सूची सोडून द्यावी. २ चा २१ वा घात २०,९७,१५२ आहे. म्हणून १८ लाख नोंदींत फार तर २१ तुलना पुरतात!

मात्र तरफेने बल वाचते, तेव्हा अंतर जास्त कापावे लागते. येथेही तसेच आहे. सूचीला जागा लागते आणि नवी ओळ आली की सूचीतही नोंद करावी लागते.

गुणानुक्रमाचा पेच

आता प्रश्न थोडा बदलू. ‘या विद्यार्थ्याचा क्रमांक कितवा?’ एकाचाच क्रमांक हवा असला, तरी त्यासाठी ३ लाख विद्यार्थ्यांच्या बेरजा कराव्या लागतात. आसनक्रमांकाची सूची येथे कामास येत नाही. हजारो जणांनी एकाच वेळी हे विचारले, तर संगणक त्याच त्या बेरजा पुनःपुन्हा करीत बसेल.

यावर उपाय म्हणजे उत्तर एकदा काढून साठवून ठेवणे. याला मटेरिअलाइज्ड व्ह्यू, म्हणजे साठवलेला व्ह्यू म्हणतात. त्यातून उत्तर झटपट मिळते. पण समजा, फेरतपासणीत एका मुलीचे गणिताचे गुण ४८ वरून ६१ झाले. साध्या व्ह्यूमध्ये नवी बेरीज लगेच दिसेल. साठवलेला व्ह्यू मात्र ताजा केला नाही, तर तेथे जुनीच बेरीज राहील. नेमक्या त्याच वेळी तिच्यावरून प्रवेशाची यादी निघाली, तर त्या मुलीची हक्काची जागा जाईल आणि संगणक कोठेही चूक दाखवणार नाही. म्हणून उत्तर साठवताना ते केव्हा ताजे करायचे, हेही ठरवावे लागते आणि यादी काढण्यापूर्वी ते ताजे केलेच पाहिजे.

करून पाहा

६३ चिठ्ठ्यांवर १ ते ९९९ पैकी कोणतेही वेगवेगळे क्रमांक लिहा. त्या विस्कटून मित्राला त्यांपैकी एक क्रमांक शोधायला सांगा आणि किती चिठ्ठ्या उघडाव्या लागल्या ते मोजा. मग चिठ्ठ्या चढत्या क्रमाने पालथ्या मांडा व प्रत्येक वेळी मधली चिठ्ठी उघडून शोधा. ६ पेक्षा जास्त चिठ्ठ्या कधीच उघडाव्या लागणार नाहीत. असे का, ते वहीत मांडून पाहा.