लॉक, सीट, लॉगिन

नव्वदच्या दशकात भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या टूलरूममध्ये डिझाइनचं सॉफ्टवेअर आलं ते लॉकसकट. लॉक म्हणजे एक छोटं उपकरण, संगणकाच्या मागं, प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचायचं. प्रोग्राम कितीही संगणकांवर टाका, लॉक जिथं तिथंच तो उघडणार. डिझायनर दोघं, लॉक एक, म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. रात्री लॉक मालकांच्या कपाटात जायचं. ते हरवलं की सॉफ्टवेअरच गेलं.

बिनलॉकच्या प्रोग्रामांची मात्र सर्रास नक्कल व्हायची. संगणक जोडून देणारा मुलगा एकाच सीडीवरून अख्ख्या ऑफिसात सगळं टाकून जाई आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नसे. कायदा तोवर बदलला होता. कॉपीराइट कायद्यातली १९९४ची दुरुस्ती मे १९९५पासून लागू झाली आणि कलम ६३ब आलं: बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरली, तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची बॅकअप प्रत ठेवायची मुभा त्याच कायद्यात आहे. पण जपून ठेवायची प्रत वेगळी आणि दुसऱ्या मशीनवर चालवायची वेगळी, हे छोट्या कारखानदाराला समजावून सांगायला कुणी आलं नाही. यायला हवं होतं.

२००१मध्ये विंडोज एक्सपीनं ॲक्टिव्हेशन आणलं आणि लायसन्स मशीनच्या हार्डवेअरशी बांधलं गेलं. मोठ्या कंपन्यांत सर्व्हरवर सीट, म्हणजे एका वेळी वापरायच्या परवानग्या, असत. पन्नास संगणक, दहा सीट, अकराव्यानं थांबायचं. मला सगळ्यांत सरळ वाटली ती हिशेबाच्या टॅलीची रीत: सिल्व्हर एका संगणकाला, गोल्ड ऑफिसच्या लॅनवर सगळ्यांना.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा आता यूएसबीचं झालेलं आमचं लॉक खिशात घालून मी रावेतला घरी आलो. जेवणाच्या टेबलावर डायची, म्हणजे साच्यांची, ड्रॉइंगं केली. कपाटातलं ते लॉक तेव्हा कामाला आलं.

बाजार मात्र पालटत होता. ऑटोडेस्क कंपनीनं ३१ जानेवारी २०१६नंतर ऑटोकॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं कायमचं लायसन्स विकणं बंद केलं आणि ऑगस्ट २०२०पासून सामायिक सीटच्या जागी माणसाच्या नावाचं लॉगिन आणायला सुरुवात केली. आता एका नावावर तीन संगणकांवर टाकता येतं, वापरायचं एका वेळी एकावरच. घरून काम करणाऱ्याची यात सोय आहे, हे मान्य. पण दोन पाळ्यांत एका सीटवर भागवणाऱ्या टूलरूमला आता दोन नावांचे पैसे भरावे लागतात, तेही दरवर्षी. कायमच्या लायसन्सचा पर्याय छोट्यांसाठी तरी ठेवायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडचं जुनं मशीन अजून चालू आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या डायची दुरुस्ती आली की त्याला लॉक लावतो आणि ड्रॉइंग उघडतं.